मागचे ब्रेक डिस्क करताय? मग या चुका टाळा

जुन्या गाडीला मागे ड्रम ब्रेक काढून डिस्क (चाकाबरोबर फिरणारी चकती, जिला दोन बाजूंनी पॅड दाबतात) टाकली की गाडी जागच्या जागी थांबेल, हे आधी डोक्यातून काढा. ब्रेक मारला की वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात आणि हलक्या चाकाला जास्त ब्रेक मिळाला की ते आधी लॉक होणार, मग ओल्या रस्त्यावर गाडीचा मागचा भाग पुढे यायला बघतो. म्हणून मागच्या लाइनला अ‍ॅडजस्टेबल प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (मागच्या ब्रेकचं प्रेशर कमी-जास्त करणारा) हवाच, आणि मोकळ्या जागेत कमी स्पीडला ट्रायल घेऊन पुढची चाकं आधी लॉक होतील असा तो सेट करायचा. खरं तर इंजिन स्टँडर्ड असेल आणि ड्रम (चाकाबरोबर फिरणारं भांडं, ज्याला आतून लायनर घासतात) गोल असतील तर नवीन लायनर नीट सेट करूनही भागतं, पण हौसेला मोल नाही.

माझी चूक सांगतो. दहा मिनिटं चालवली की मागची चाकं गरम, जळका वास. मी कॅलिपरला (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाला) दोष देत दोनदा सगळं खोललं आणि दोषी निघाला जुन्या मास्टर सिलिंडरमधला (पेडल दाबलं की लाइनमध्ये ब्रेक ऑइल ढकलणारा भाग) रेसिड्युअल व्हॉल्व्ह. तो ड्रमसाठी लाइनमध्ये साधारण 10 पीएसआय प्रेशर धरून ठेवतो. ड्रमला लायनर मागे ओढायला स्प्रिंग असते, डिस्कला नसते, त्यामुळे पॅड घासतच राहतात. (मास्टर सिलिंडर फ्लोअरखाली, कॅलिपरपेक्षा खाली असेल तर मात्र 2 पीएसआयचा लावावा लागतो.)

चाक जाम झालं की आधी कॅलिपरचा निपल (हवा काढायचा स्क्रू) उघडून बघा. चाक मोकळं झालं नाही तर कॅलिपर किंवा हँडब्रेकची केबल बघा. झालं तर प्रेशर अडकलंय, मग पुढच्या वेळी जाम झाल्यावर रबरी होसच्या आधीचा मेटल पाइपचा जॉइंट सैल करा, तिथे सुटलं तर दोष रेसिड्युअल व्हॉल्व्ह किंवा मास्टर सिलिंडरचा, आणि फक्त निपललाच सुटत असेल तर जुना होस आतून फुगलाय.

पेडल स्पंजी लागतंय, कितीही हवा काढली तरी? निपल वरच्या बाजूला आहे ना बघा, कॅलिपर डावा-उजवा उलटा बसला की तो खाली जातो आणि हवा वरच अडकते. हँडब्रेकवाल्या कॅलिपरचा पिस्टन बहुतेकदा फिरवून आत घालायचा असतो, क्लॅम्पने दाबलात तर आतलं मेकॅनिझम गेलं, आणि केबल जोडायची ती पॅडचा गॅप सेट झाल्यावरच, नाहीतर पेडल खोल जात राहील. लगेच मोठ्या बोअरचा (आतल्या व्यासाचा) मास्टर सिलिंडर आणायला धावू नका, त्याने पेडल कमी जातं पण कडक होतं.

ब्रेक ऑइलमध्ये डॉट 5 सिलिकॉनचं असतं, ते डॉट 4 मध्ये मिसळायचं नाही, 5.1 चालतं. नव्या डिस्कवरचा ऑइलचा थर ब्रेक क्लीनरने पुसा, अ‍ॅक्सल खोललाच आहे तर ऑइल सीलही बदला. आणि पाइप जोडायच्या आधी नुसता कॅलिपर बसवून चाक लावून हाताने फिरवून बघा, रिम घासत असेल तर तेव्हाच कळलेलं बरं.