निसर्गवही: मुलांना बाहेर बसवून रेखाटन कसं शिकवावं

‘मुलांना निसर्गात मोकळं सोडा, ती आपोआप काढतात’ हा सल्ला ज्यांनी कधी मुलांना बाहेर नेलं नाही तेच देतात. मोकळं सोडलं की वहीत दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य आणि आकाशात पक्षी म्हणून चार उलट्या-सुलट्या वाकड्या रेघा येतात. समोर डोंगर असो वा नसो.

साहित्य: कोऱ्या कागदांची वही, तिच्याखाली जाड पुठ्ठा, एक एचबी किंवा २बी पेन्सिल. खोडरबर आणि रंगपेटी न्यायचीच नाही. रंग दिसले की मुलं बाह्यरेषा उरकतात आणि भरायला बसतात.

जागा: लहान. दोन झाडं आणि त्यांच्याखालची जमीन पुरे. हद्द आधीच दाखवा आणि मुलांना एकमेकांपासून हातभर लांब बसवा. काही तोडायचं नाही, खाली पडलेलं उचललं तर चालेल.

कोपऱ्यातली नोंद: तारीख, वेळ, ठिकाण, हवा. आकाशाचे आठ भाग कल्पून त्यातले किती ढगांनी झाकलेत हेही लिहायला लावा. हवामान नोंदवणारे तसंच मोजतात. ही नोंद कंटाळवाणी वाटते म्हणून बरेच शिक्षक टाळतात. अमेरिकन लेखक हेन्री डेव्हिड थोरो यांनी १८५० च्या दशकात आपल्या कॉन्कॉर्ड गावाच्या परिसरातल्या फुलांच्या उमलण्याच्या तारखा टिपून ठेवल्या होत्या. पुढे संशोधकांनी त्या आताच्या तारखांशी ताडून पाहिल्या आणि तिथली कितीतरी झाडं आता लवकर फुलतात हे दाखवून दिलं. तेव्हा आधी तारीख, मग चित्र.

आता खरी अडचण. मूल समोरचं पान काढत नाही, डोक्यातलं काढतं: बदामासारखा आकार, मधे एक रेघ, दोन्हीकडे तिरक्या रेघा. जरा मोठी मुलं तर ‘मला चित्र येत नाही’ म्हणून वही मिटतात. इथे मी पुष्कळ काळ अडलो होतो. ‘नीट बघ’ हे सांगून काहीही होत नाही, कारण मुलाच्या मते ते नीटच बघत असतं.

उपाय एकच, आणि तो अजिबात सौम्य करू नका: कागदाकडे न बघता काढायचं. पेन्सिलचं टोक कागदावर टेकवायचं, नजर पानाच्या देठावर ठेवायची. नजर कडेवरून मुंगीच्या चालीने सरकेल तेवढीच पेन्सिल सरकवायची. उचलायची नाही. दोन-तीन मिनिटं. चोरून बघणारे असतातच. पुठ्ठ्याच्या एका तुकड्याला भोक पाडून त्यातून पेन्सिल खोचली की हात झाकला जातो.

चित्र भयंकर येतं, सगळे हसतात, हसू द्या. वाईट चित्राची भीती तिथेच मोडते, कारण आता सगळ्यांचंच वाईट आलेलं असतं. शिवाय त्या वेड्यावाकड्या रेषेत कडेचा प्रत्येक दात, किड्याने कुरतडलेला कोपरा, देठाची वळणं उतरलेली असतात. मग तेच पान पुन्हा काढायला सांगा, या वेळी अधूनमधून कागदाकडे बघायची मुभा देऊन. बदाम परत येत नाही. आला, तर पहिली पायरी पुन्हा.

या वेळात शिक्षकाने तीन गोष्टी करू नयेत. स्वतः नमुना काढून दाखवू नये. मुलं तोच उतरवतात. मुलाच्या हातातून पेन्सिल घेऊ नये. आणि ‘छान!’ म्हणू नये, त्याने मूल तुम्हाला आवडेल ते काढायला लागतं. त्याऐवजी प्रश्न विचारा. पानं फांदीवर समोरासमोर आहेत की एकाआड एक? शिरा कडेपर्यंत पोचतात का? मुंगीचे सहाही पाय नेमके कुठून निघतात? (मधल्या भागातून, पण हे सांगायचं नाही, बघायला लावायचं.) झाडाचं नावही शेवटी सांगा. नाव कळलं की मुलाला वाटतं, काम झालं.

माप: चित्राशेजारी एक छोटी रेघ आणि खऱ्या वस्तूवर ती किती लांबी दाखवते तो आकडा. एवढं पुरतं.

शब्द: चित्राभोवती बाण काढून रंग, वास, स्पर्श लिहायचा आणि उत्तर माहीत नसलेला निदान एक प्रश्न. चित्र देखणं नसलं तरी चालतं. चार्ल्स डार्विन यांच्या १८३७ च्या वहीतलं जीवसृष्टीच्या झाडाचं (सजीवांची एकमेकांशी नाती दाखवणारं) रेखाटन म्हणजे फाटे फुटलेल्या काही रेघा आहेत. चित्रकलेच्या परीक्षेत ते सहज नापास झालं असतं. चित्राला गुण देणाऱ्या शिक्षकांना मी हे मुद्दाम दाखवतो.

पक्षी, खार, फुलपाखरू: हलणारं काही पहिल्या दिवशी नको. नंतर एकाच कागदावर पाच-सहा अर्धवट आकृत्या सुरू करायच्या. पक्षी हलला की पुढची घ्यायची, आधीच्या ढबीत परत बसला की तिथे परतायचं. खारी फार क्वचित सहकार्य करतात.

फोटो काढून घरी चित्र पुरं करणं बंद. अर्धं राहिलं तर अर्धंच राहू द्या, खाली वेळ लिहा आणि पुढच्या आठवड्यात त्याच फांदीपाशी नव्या कागदावर सुरू करा.