सिरिंज फिल्टर आणि काचसामान निवडताना

सिरिंज फिल्टर म्हणजे सिरिंजच्या टोकाला लावायची छोटी गाळणी. तिचा खोका उघडण्याआधी मी एकच विचारते: नमुना कशात विरघळवलाय? पाण्यात असेल तर नायलॉनचा किंवा पीईएसचा (पॉलिइथरसल्फोन, एक प्लास्टिक) पडदा चालतो. प्रथिनं असतील तर मात्र नायलॉन नकोच, ती त्याला चिकटतात आणि पुढे मोजमाप कमी येतं. तिथे पीईएस घ्या. क्लोरोफॉर्ममध्ये पीईएस टिकत नाही, म्हणून पीटीएफई (टेफ्लॉन). साध्या पीटीएफईतून पाणी जातच नाही. जलीय नमुना त्यातूनच गाळायचा असेल तर आधी थोडं मिथेनॉल ढकलून पडदा ओला करा.

एचपीएलसीला (नमुन्यातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) ०.४५ मायक्रॉनची छिद्रं पुरतात, जीवाणू अडवायचे तर ०.२२ आणि तेही निर्जंतुक पॅकमधलं. दहा मिलिलिटरपर्यंत १३ मिलिमीटरचा फिल्टर, त्याहून जास्त असेल तर २५चा. गढूळ नमुना आधी सेंट्रिफ्यूज करा (वेगाने फिरवून गाळ खाली बसवा), नाहीतर महागडा फिल्टर दोन मिनिटांत तुंबतो.

सिरिंज लुअर लॉकचीच, म्हणजे फिल्टर पिळून घट्ट बसणाऱ्या टोकाची हवी. छोट्या सिरिंजमध्ये दाब फार चढतो, पडदा फाटू शकतो. मी १० मिलिलिटरची वापरते. अंगठा सावकाश दाबा. पहिला एक मिलिलिटर टाकून द्या, मगच व्हायल (नमुन्याची छोटी कुपी) भरा. प्रकाशाने बिघडणाऱ्या औषधाला तपकिरी व्हायल.

मोबाइल फेज (एचपीएलसीतून वाहणारा द्रव) व्हॅक्यूमवर, म्हणजे पंपाने हवा ओढून गाळताना जाड काचेचा, बाजूला नळी असलेला फ्लास्कच लावा. साध्या शंकूपात्राला पंप कधीच जोडू नका, ते आत चेपून फुटतं. जाड फ्लास्कलाही बारीक तडा दिसला तर तो बाजूला काढा, आणि चष्मा डोळ्यांवर असू द्या.