आकडे पाठ आहेत, पण खेळ कसा आहे?

चार वर्षांचं मूल 100 पर्यंत आकडे म्हणतं, यावरून ते वयाच्या मानाने विशेष हुशार आहे का, हे फारसं कळत नाही. ते नुसतं पाठांतरही असू शकतं. त्यापेक्षा ठोकळे आणि मोठी झाकणं समोर ठेवून 20 मिनिटं गप्प बसा. (मोठ्यांना हेच जड जातं!) मूल स्वतःच रंगानुसार गट पाडतं आणि मग ते मोडून आकारानुसार लावतं का? खेळाचे नवे नियम काढून इतरांना समजावतं का? मनातला पूल हातांना जमत नाही म्हणून रडणं, हा दरवेळी हट्ट नसतो. विशेष हुशार मुलांची समज बऱ्याचदा हातांच्या पुढे धावते. महिना-दोन महिने तारखेसह नोंदी ठेवा, एका दुपारवरून काही ठरत नाही.