गाडीत आणि रोज अंगावर बाळगायला पिस्तूल कसं निवडावं

टेक्सासातल्या ओळखीच्या मराठी मंडळींसोबत मी बंदुकीच्या दुकानात बऱ्याचदा जातो. कुणाचं गॅस स्टेशन असतं, कुणी रात्रपाळी संपवून हॉस्पिटलच्या पार्किंगमधून एकटी निघते, कुणाला रोज ओसाड हायवेने तासभर जावं लागतं. या सगळ्यांना कुणीतरी आधीच एक सल्ला दिलेला असतो: सगळ्यात लहान, सगळ्यात हलकं घ्या आणि गाडीच्या ग्लव्ह बॉक्समध्ये टाकून द्या. या सल्ल्याचा पहिला अर्धा भाग चुकीचा आहे आणि दुसरा धोक्याचा.

बंदूक हाताळण्याचे मूळ नियम तुम्हाला येतात, घरी तिजोरी आहे आणि एखादा प्राथमिक वर्ग झालेला आहे, असं धरून पुढचं लिहितो. तसं नसेल तर आधी ते करा. आणि हे सगळं टेक्सासपुरतं आहे. राज्याची सीमा ओलांडली की नियम बदलतात.

१. आधी स्वतःचा व्हिसा बघा

हे आपल्या लोकांना दुकानदाराच्या आधी कुणीतरी सांगायला हवं. एच-१बी, एल-१, एफ-१, एच-४ अशा व्हिसावर असलेल्या माणसाला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगता येत नाही. विकत घेणंच नव्हे, मित्राचं पिस्तूल रेंजवर (गोळीबाराच्या सरावाच्या जागी) हातात धरणंही ‘बाळगणं’ ठरू शकतं. टेक्सासचा कायदा कितीही सैल असला तरी इथे केंद्राचा कायदा लागतो आणि हा गंभीर गुन्हा आहे. वैध शिकारी परवाना असेल तर कायद्यात अपवाद आहे, पण रोज अंगावर पिस्तूल बाळगण्यासाठी त्यावर विसंबू नका. इमिग्रेशनच्या वकिलाशी बोलल्याशिवाय तर मुळीच नाही. ग्रीन कार्ड आणि नागरिकत्व असणाऱ्यांना ही अडचण नाही.

घरात एकजण नागरिक आणि दुसरा एच-१बीवर असेल, तर तिजोरीचा कोड फक्त नागरिकाकडेच राहिला पाहिजे. नवरा-बायकोत कसला आडपडदा, असं म्हणून कोड सांगून टाकणारी घरं मी पाहिली आहेत. तसं करू नका.

२. परवाना लागत नसला तरी काढा

१ सप्टेंबर २०२१ पासून टेक्सासात, कायद्याने बंदी नसलेल्या २१ वर्षांवरील व्यक्तीला परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येतं. म्हणून ‘आता परवान्याचं काय काम?’ असं लोक विचारतात. गाडीवाल्यालाच त्याचं सगळ्यात जास्त काम आहे. केंद्रीय कायद्यानुसार शाळेच्या हद्दीपासून १,००० फुटांच्या आत, गोळ्या भरलेलं पिस्तूल सोबत घेऊन सार्वजनिक रस्त्यावरून जाणं गुन्हा आहे. राज्याचा परवाना असलेल्याला त्यातून सूट आहे. आपल्या उपनगरांत घरातून निघून हायवेला लागेपर्यंत किती शाळा लागतात, ते नकाशावर बघा. परवान्याची फी ४० डॉलर आहे, वर्गाचा खर्च वेगळा. मुकाट्याने काढा.

३. काडतूस

९ मिमी घ्या. सरावाच्या गोळ्या त्यातच स्वस्त मिळतात.

४. आकार: मूठ बघा, नळी नव्हे

दुकानात गेल्यावर विक्रेता तुमच्यापुढे एकदम चिमुकलं काहीतरी ठेवेल. उदाहरणार्थ, रुगरचं एलसीपी. रिकामं असताना जेमतेम पावणेतीनशे ग्रॅम, खिशात मावतं. हातात घेतल्यावर फार बरं वाटतं, कारण जड असं काही लागतच नाही. पण मुठीवर दोनच बोटं बसतात आणि करंगळी हवेत राहते. वजन कमी म्हणजे झटका सगळा तळहातावर येतो. काडतूस ३८० एसीपी, म्हणजे ९ मिमीपेक्षा सौम्य असूनही काही गोळ्यांनंतर नवख्या माणसाचा हात मागे हटायला लागतो. मग सराव बंद पडतो आणि पिस्तूल कपाटात जातं. अशी बारकी पिस्तुलं अनुभवी माणसाच्या दुसऱ्या-तिसऱ्या खरेदीसाठी ठीक आहेत, पहिल्या नव्हे.

हलक्या पाच गोळ्यांच्या रिव्हॉल्व्हरचंही तेच. ‘बाईमाणसाला रिव्हॉल्व्हर सोपं’ असं सांगणाऱ्याने स्मिथ अँड वेसनच्या ६४२चा ट्रिगर एकदा स्वतः ओढून बघावा. तो ओढायला पाच किलोच्या आसपास जोर लागतो आणि पिस्तुलाचं स्वतःचं वजन अर्ध्या किलोपेक्षाही कमी. नेम हलणारच.

दुसऱ्या टोकाला ग्लॉक १९ आहे: १५ गोळ्या, चार इंची नळी, रिकाम्या मॅगझिनसकट (गोळ्यांच्या पेटीसकट) ६७० ग्रॅमच्या आसपास. चालवायला याच्याइतकं सोपं क्वचितच मिळतं. जाड बांध्याच्या माणसाला ते रोज बाळगता येतं, सडपातळ माणसाच्या शर्टातून मात्र मूठ उठून दिसते. या दोहोंच्या मधला वर्ग बहुतेकांना जमतो. सिग सावरचं पी३६५ (२०१८ साली आलेलं, १० गोळ्या, सुमारे अर्धा किलो), ग्लॉकचं ४३एक्स, स्मिथ अँड वेसनचं शील्ड प्लस, हे त्यातले. यांपैकी कुठलंही घ्या, पण तुमच्या हाताला विचारून घ्या.

हाताला विचारायचं म्हणजे असं. पिस्तूल रिकामं आहे हे विक्रेत्याने बघितलं तरी स्वतः पुन्हा बघा. मूठ घट्ट धरा, नळी आणि कोपरापर्यंतचा हात एका रेषेत ठेवा. आता तर्जनीच्या टोकाचा मांसल भाग ट्रिगरवर आपोआप पोहोचतो का? पोहोचण्यासाठी मूठ फिरवावी लागत असेल तर ते पिस्तूल तुमचं नाही, किंमत कितीही चांगली असो. मग स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे ओढा. जमत नसेल तर लाज वाटून घेऊ नका. शील्ड ईझेड नावाचं मॉडेल मऊ स्प्रिंगचं आहे, संधिवात असलेल्या साठीच्या बाईंनाही ते ओढता आलेलं मी पाहिलं आहे.

लपवण्याच्या दृष्टीने नळीची लांबी बिनमहत्त्वाची आहे, कारण ती पँटच्या आत जाते. कपड्यातून दिसते ती मूठ. म्हणून ‘कॉम्पॅक्ट’ या शब्दावर जाऊ नका, मुठीची उंची मोजा.

५. गाडीत बसून बघा

माझा सगळ्यात जास्त वेळ याच पायरीने खाल्ला. कुठल्याही काउंटरवर याबद्दल कुणी बोलत नाही. दुकानात तुम्ही उभे असता आणि उभ्या माणसाच्या कमरेला सगळंच छान बसतं. खरी परीक्षा सीटवर होते.

इथे ड्रायव्हर डावीकडे बसतो. सीटबेल्ट डाव्या खांद्यावरून येतो आणि त्याचं बक्कल उजव्या कमरेशी लागतं. उजव्या हाताच्या माणसाचं पिस्तूल नेमकं तिथेच, उजव्या कमरेवर असतं. बक्कल लावताना हात होल्स्टरवर (पिस्तूल ठेवायच्या म्यानावर) आपटतो, बक्कल शर्टाच्या टोकात अडकतं, सीटची उंच कड पिस्तुलाला वर ढकलते. तासभर चालवल्यावर कमरेचं हाड ठणकायला लागतं. मग माणूस वैतागून पिस्तूल काढतो आणि कप होल्डरमध्ये ठेवतो. इथून पुढे सगळं बिघडतं.

उपाय दोन. एक, होल्स्टर कमरेच्या हाडाच्या थोडं मागे न्या. खुर्चीत पाठ टेकवल्यावर टोचेल, पण बक्कल मोकळं राहील. दोन, पुढे, पोटाच्या उजव्या अंगाला घ्या. पुढे घेतलं तर सीटबेल्टचा आडवा पट्टा पिस्तुलाच्या खालून, ओटीपोटाच्या हाडावरून गेला पाहिजे. पट्टा पिस्तुलावरून गेला तर अपघातात ते पोटात घुसेल. पुढे घेण्यात आणखी एक जोखीम आहे: बसल्यावर नळीचं तोंड स्वतःच्या मांडीकडे असतं. म्हणून माझा नियम पक्का आहे. बसलेल्या अवस्थेत पिस्तूल होल्स्टरमध्ये कधीही सरकवायचं नाही. काढायचंच असेल तर होल्स्टरसकट, क्लिपसह, अख्खं काढायचं. ट्रिगर झाकलेलाच राहतो.

हे जास्त सांगतो, कारण हाताळणीतले बरेच अपघात पिस्तूल होल्स्टरमध्ये सरकवतानाच होतात. हिवाळी जॅकेटच्या खालच्या कडेला नाडी असते, तिच्या टोकाला प्लास्टिकचा गोल मणी. पिस्तूल आत सरकवताना तो मणी ट्रिगर गार्डमध्ये (ट्रिगरभोवतीच्या कड्यात) जातो, तुम्ही खाली दाबता आणि मणी ट्रिगर ओढतो. टी-शर्टची कडही हेच करते. बाळगायला सुरुवात करण्यापूर्वी त्या जॅकेटच्या नाड्या कापून टाका. होल्स्टर कडक प्लास्टिकचा, ट्रिगर गार्ड पूर्ण झाकणारा आणि त्याच मॉडेलसाठी बनवलेला हवा. सगळ्या पिस्तुलांना बसणारा मऊ कापडी होल्स्टर मी कुणालाही घेऊ देत नाही.

आता हे सगळं पिस्तूल घेण्याआधी कसं तपासायचं? बहुतेक लोकप्रिय मॉडेलांच्या, नेमक्या मापाच्या निळ्या भरीव प्लास्टिकच्या प्रतिकृती मिळतात. त्यांच्यातून गोळी सुटूच शकत नाही. ती प्रतिकृती आणि होल्स्टर आधी घ्या. कमरेला लावा, वरून शर्ट घाला आणि स्वतःच्या गाडीत नेहमीची कामं करा. बेल्ट लावा-काढा. मागच्या सीटवर मुलाला कार सीटमध्ये बसवायला वाका; बहुतेकांचा शर्ट वर सरकतो तो इथेच. ड्राइव्ह-थ्रूमध्ये खिडकीतून हात बाहेर काढा. निदान आठवडाभर असं वागा. आठवड्याअखेर तुम्ही ती प्रतिकृती घरी विसरायला लागला असाल, तर ते मॉडेल तुमच्यासाठी नाही. मोठा खर्च करण्याआधी थोड्या पैशांत हे कळतं.

बायकांच्या बाबतीत एक भर. साडी किंवा सलवार-कमीजला होल्स्टर पेलणारा कडक पट्टा नसतो, म्हणून लगेच पर्सचा सल्ला दिला जातो. पर्स शॉपिंग कार्टमध्ये राहते, पोर शेजारी बसलेलं असतं. कमरेभोवती बांधायचा पट्टा मिळतो, त्यात कडक ट्रिगर-कव्हर असलेला घ्या. पर्सच वापरायची असेल तर पिस्तुलासाठी वेगळा, बंद कप्पा असलेली घ्या आणि ती खांद्यावरून उतरवू नका. टेक्सासात १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती बंदूक लागेल अशी ठेवणं हाही गुन्हा आहे, आणि त्या मुलाचं काय होईल हा विचार गुन्ह्याच्याही आधी यायला हवा.

सीट आणि कन्सोलच्या फटीत पिस्तूल पडलंच, तर झडप घालू नका. आजची चांगली पिस्तुलं पडल्यावर सुटू नयेत अशीच बनवलेली असतात. पकडायला गेलेलं बोट मात्र ट्रिगरवर जाऊ शकतं. पडू द्या, गाडी बाजूला घ्या, मग उचला.

६. ग्लव्ह बॉक्स, चुंबक आणि बाकीचे सल्ले

स्टिअरिंगखाली चुंबकाने पिस्तूल चिकटवायची उपकरणं मिळतात. ट्रिगर उघडा, जोरात ब्रेक लागला की पिस्तूल पायाशी. घेऊ नका. शिवाय टेक्सासात गाडीत पिस्तूल उघड दिसत असेल तर ते होल्स्टरमध्येच असलं पाहिजे.

ग्लव्ह बॉक्समध्ये तुमचे विम्याचे कागद असतात. पोलिसाने थांबवलं, त्याने कागद मागितले, तुम्ही झाकण उघडलं आणि त्याला आधी पिस्तूल दिसलं, हा प्रसंग डोळ्यापुढे आणा. कागद सन व्हायझरमध्ये ठेवा. पोलिसाने ओळखपत्र मागितलं आणि पिस्तूल सोबत असेल, तर लायसन्ससोबत पिस्तुलाचा परवानाही द्या, हात स्टिअरिंगवर ठेवा, आणि तो सांगेल तसं करा.

चोरीचाही विचार करा. अमेरिकेत चोरीला जाणाऱ्या बंदुकांचा मोठा हिस्सा उभ्या गाड्यांतून जातो. पिस्तूल गाडीचं नाही, तुमचं आहे. तुम्ही उतरलात की तेही तुमच्यासोबत उतरलं पाहिजे.

अपवाद येतातच. आपल्या मंडळाचे गणपती-दिवाळीचे कार्यक्रम पुष्कळदा शाळेच्या सभागृहात असतात आणि शाळेच्या इमारतीत पिस्तूल नेणं टेक्सासात गुन्हा आहे. पोस्ट ऑफिसात, कोर्टात आणि दारावर ५१ टक्क्यांची लाल पाटी (म्हणजे निम्म्याहून जास्त कमाई दारूविक्रीतून) असलेल्या बारमध्येही नाही. त्या दिवशी शक्यतो पिस्तूल घरीच ठेवा. नाइलाज असेल तर गाडीत सीटच्या लोखंडी सांगाड्याला तारेने बांधलेली स्टीलची पेटी हवी. होल्स्टरसकट पिस्तूल त्यात ठेवायचं, तेही पोहोचण्याआधी दुसरीकडे थांबून. कार्यक्रमाच्या पार्किंगमध्ये सगळ्यांसमोर कमरेचं काढून पेटीत ठेवणारा माणूस चोराला पत्ताच देतो.

७. रेंजवर

बऱ्याच रेंजवर पिस्तुलं भाड्याने मिळतात. निवडलेल्या दोन मॉडेलांतून एकाच दिवशी, पाठोपाठ गोळ्या झाडा. वेगवेगळ्या दिवशी केलेल्या तुलनेला अर्थ नाही. विकत घेतल्यावर निदान दोनशे गोळ्या विनाअडथळा सुटल्याशिवाय अंगावर घेऊ नका. त्यात तुम्ही रोज बाळगणार त्या होलो पॉइंट, म्हणजे पोकळ टोकाच्या गोळ्यांची दोन मॅगझिनं असू द्या. सरावाच्या गोल टोकाच्या गोळीवर चालणारं पिस्तूल होलो पॉइंटवर अडू शकतं.

८. भारतात जाताना

रेंजची बॅग कधीही प्रवासाला वापरू नका. तळाच्या शिवणीत राहिलेलं एक जिवंत काडतूस मुंबईच्या विमानतळावर एक्स-रेमध्ये दिसलं, तर १९५९च्या शस्त्र कायद्याखाली पोलीस केस होते आणि परतीचं विमान चुकतं ते वेगळंच. प्रवासाच्या बॅगा वेगळ्या कपाटात ठेवा. रेंजवर घातलेल्या जॅकेटचे आणि कार्गो पँटचे खिसेही निघण्यापूर्वी उलटे करून बघा, पायाजवळचा बटणाचा खिसासुद्धा.