‘उमाय’ नावाचा अर्थ लावताना या चुका टाळा

मुलीसाठी वेगळं नाव हवं म्हणून हल्ली आईबाप पार मध्य आशियापर्यंत पोचतात. त्यातलंच एक ‘उमाय’. तुर्की कुळातल्या भाषांमधलं फार जुनं स्त्रीनाव. किर्गिझस्तानात आणि तुर्कस्तानात अजून ठेवतात. नाव सुरेख आहे. अर्थ सांगताना मात्र लोक त्याच त्या चुका करतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ‘उमाय म्हणजे आपली उमाच’. दोन्ही देवी, कानाला दोन्ही सारख्या, तमिळमध्ये तर पार्वतीला ‘उमै’ म्हणतातच. तेवढ्यावर निकाल लावून मोकळे! ओळखीतल्या एका घरी हेच झालं. मुलगी किर्गिझस्तानातल्या बिश्केकहून एमबीबीएस करून आलेली, तिथल्या मैत्रिणीचं नाव उमाय, तेच भाचीला ठेवायचं ठरलं. कुणीतरी मोबाइलवर नावांची यादी चाळली आणि ‘मूळ संस्कृत, अर्थ पार्वती’ हे बारशाच्या पत्रिकेवर छापूनही टाकलं. पत्रिकेचा फोटो मैत्रिणीला गेला, तेव्हा ती बुचकळ्यात पडली. तिच्या आजीची ‘उमाय एने’, म्हणजे उमाय आई, निराळीच होती. तिकडच्या सुइणी आणि लेकरांना बरं करणाऱ्या बायका बाळाच्या अंगावरून हात फिरवताना म्हणायच्या, ‘हा माझा हात नाही, उमाय एनेचा हात आहे.’ पत्रिका पुन्हा छापाव्या लागल्या. पैशांचं सोडा, अर्थ सांगणारं माणूस एका फोनवर होतं आणि घाईपायी त्याला कुणी विचारलं नाही, याचा मला राग येतो.

नावाचं मूळ शोधायचं तर माझी सवय एकच: जुन्यात जुना लेखी उल्लेख आधी पाहायचा. उमायचा उल्लेख मंगोलियातल्या ओर्खोन खोऱ्यात, क्युल तेगिन या तुर्क राजपुत्राच्या इ.स. 732 च्या शिलालेखात आहे. त्यात त्याचा थोरला भाऊ, तुर्कांचा सम्राट बिल्गे कागान, म्हणतो की उमायसारख्या माझ्या आईच्या, खातूनच्या म्हणजे राणीच्या, पुण्याईने माझ्या धाकट्या भावाला पुरुषाचं, म्हणजे मोठेपणीचं, नाव मिळालं. तोन्युकुक या तुर्क मंत्र्याच्या शिलालेखात आकाशदेव तेंग्री आणि पवित्र भूमी-जल यांच्या जोडीने उमायचं नाव येतं. उमा हैमवती आपल्याला केनोपनिषदात भेटते. तिची परंपरा वेगळी, भाषा वेगळी. नुसत्या ध्वनिसाम्यावर नातं जुळवायचं नसतं.

दुसरी चूक जास्त खटकते, कारण ती जाणूनबुजून होते. महमूद काश्गरीने अकराव्या शतकात बगदादमध्ये तुर्की बोलींचा कोश रचला. त्यात ‘उमाय’चा अर्थ दिलाय वार, बाळंतपणात बाळामागून पडते ती. पोटातल्या बाळाची ती सोबतीण, असंही तो सांगतो, आणि उमायची सेवा केली की मूल होतं ही म्हणही नोंदवतो. नावांच्या याद्या करणारे हा अर्थ गाळतात. म्हणे बारशाला बरं दिसत नाही. पण नऊ महिने बाळाला पोसणारी ती वार, तिचंच नाव लेकरांच्या रक्षणकर्त्या देवीला! यात लपवण्यासारखं काय आहे? मी तर विचारणाऱ्याला हा अर्थ आधी सांगते.

शेवटी ‘आय’ दिसला की चंद्र, हाही एक आवडता शॉर्टकट. तुर्की ‘आय’ म्हणजे चंद्र हे खरं. आयसेल, गुलाय या नावांत तो आहेच. उमायमध्ये तो शोधला तर उरलेल्या ‘उम’चं काय करणार? मराठी कानाला त्यात ‘माय’ ऐकू येते, तो निव्वळ योगायोग.

हुमायूनशी जोडू नका. तो शब्द फारसी, अर्थ शुभ. अरबी ‘उम्म’, म्हणजे आई, हेही नको; ओर्खोनचे ते तुर्क तेंग्रीला भजणारे होते, मुसलमान नव्हते.

रोमन स्पेलिंगवरून ‘उमे’ किंवा ‘उमय’ म्हणू नका. ‘मा’ लांब, ‘य’ स्पष्ट. जन्मदाखल्याच्या अर्जावर देवनागरीत ‘उमाय’ स्वतःच्या हाताने लिहा, आणि दाखला हातात पडल्यावर खिडकीपाशीच वाचून घ्या. एक काना राहिला तर दुरुस्तीसाठी पुढे खेटे घालावे लागतात.