तेरड्याचा रंग तीन दिवस, म्हणून आधी चित्र

बेळगावात माझं फोटोफ्रेमचं दुकान आहे. दिवसभर हातात काच, हार्डबोर्ड आणि लाकडी पट्ट्या. आजोळ जांबोटीकडचं, खानापूर तालुक्यातलं. झाडांची ओळख झाली ती तिथं, गौरीसाठी तेरडा आणायला मावशीच्या मागून बांधावर जाताना.

एका भाद्रपदात गौरीतलाच एक ताजा तेरडा मी काचेखाली बसवला. फ्रेम करणं हातचं काम, त्यामुळे वाटलं वर्षानुवर्षं टिकेल. पंधरा दिवसांत काचेला आतून पाणी सुटलं, मग बुरशी आली. मावशीनं बघितलं आणि म्हणाली, "अरे, तेरड्याचा रंग तीन दिवस. काचंत घातलास म्हणून राहणार व्हय?"

ही म्हण माणसांच्या हौसेबद्दल वापरतात, पण मला ती शब्दशः उपयोगी पडली. वाळवलं की रंग जाणार, हे गृहीत धरून कामाला लागायचं. रंग चित्रात उतरवून ठेवायचा, झाड वाळवून कागदावर ठेवायचं आणि आधीच्या लोकांनी त्याबद्दल काय लिहिलंय ते शोधायचं. एकाच झाडावर ही तिन्ही कामं केली, की पुस्तकातली दहा पानं वाचून कळणार नाही इतकं ते झाड कळतं. सुरुवातीला एकच झाड घ्या. श्रावण-भाद्रपदात असाल तर तेरडाच घ्या.

आधी चित्र

फांदी तोडल्याबरोबर पाण्याच्या पेल्यात उभी करा आणि पहिल्या तासात फूल काढून घ्या. पानं संध्याकाळपर्यंत थांबतात, फूल थांबत नाही. चित्र मूळ आकाराचं हवं. कंपासच्या दोन टोकांनी पाकळीची रुंदी मोजायची आणि तेवढंच अंतर कागदावर टिंबांनी मांडायचं. पेन्सिल टूएच, म्हणजे कडक, कारण मऊ पेन्सिलीची काजळी वरच्या जलरंगात मिसळते. उजेड डावीकडून येईल असं बसा. वनस्पतिचित्रांची ही जुनी रीत आहे. सगळ्या चित्रांत सावली एकाच बाजूला पडली की दोन चित्रं शेजारी ठेवून ताडता येतात.

आता तेरड्याचं फूल बाजूनं धरा. समोरून पाहिलं तर पाकळ्याच दिसतात. बाजूनं पाहिलं की मागं एक होडीसारखा भाग दिसतो आणि त्याला आत वळलेली बारीक शेपटी. मध त्या शेपटीत असतो. ही होडी म्हणजे पाकळी नाही, ते फुलाचं एक निदल आहे, म्हणजे कळीला बाहेरून झाकणाऱ्या भागांपैकी एक. लहानपणापासून शेकडो तेरडे हातात घेतले होते, पण ही शेपटी मला पेन्सिल हातात घेतल्यावर दिसली. पानाच्या देठावर बारीक गाठीसारख्या ग्रंथी असतात, त्याही तशाच. डोळा सरकून पुढं जातो, पेन्सिलीला जाता येत नाही.

चित्राच्या कोपऱ्यात स्वतःचं नाव, गाव, तारीख घाला. पुण्याजवळ दापोडीला सरकारी वनस्पती बाग होती. तिथले अधीक्षक अलेक्झांडर गिब्सन यांनी १८४०च्या दशकाच्या अखेरीस एका भारतीय चित्रकाराकडून झाडांची दीडशेहून जास्त चित्रं काढून घेतली. ती आज एडिनबरोच्या वनस्पती उद्यानात जपलेली आहेत. गिब्सनचं नाव राहिलं, हात ज्याचा होता त्याचं नाव कुठं नोंदलं गेलं नाही. मला हे फार लागतं. म्हणून सांगतो, नाव घाला.

मग दाबणं

दोन प्लायवूडच्या फळ्या, साधारण १८ बाय १२ इंचाच्या, आणि बांधायला दोन पट्टे किंवा नाडे. मध्ये रद्दी, आणि रद्दीच्या घडीत झाड. आमच्याकडं 'तरुण भारत'चे जुने अंक चालतात. गुळगुळीत रंगीत पुरवण्या घेऊ नका, त्या पाणी शोषत नाहीत.

जमलं तर झाड मुळासकट घ्या, माती झटका. फूल हवंच, आणि मिळालं तर फळही. कागदापेक्षा लांब असेल तर इंग्रजी व्हीसारखं किंवा एनसारखं दुमडा, पण कापून टाकू नका. एखादं पान उलटं ठेवा, म्हणजे पाठीमागच्या शिराही कायम दिसतील.

तेरड्याची खोडी अशी की त्याचं खोड रसाळ असतं. तसंच दाबलं तर आतल्या आत कुजतं. खोड ब्लेडनं उभं चिरा आणि तेवढाच भाग क्षणभर उकळत्या पाण्यात बुडवून पुसून घ्या. फुलाला ते पाणी लागू देऊ नका. दोन-तीन फुलं वेगळी खुडून, उलगडून, पातळ बटर पेपरमध्ये दाबा.

पहिले चार दिवस कागद रोज बदलायचा. जांबोटी-कणकुंबीच्या पावसात दिवसातून दोनदा. मावशी फळ्यांचा गठ्ठा चुलीशेजारी, पण चुलीवर नव्हे, उभा करून ठेवते. जास्त ऊब दिली की पानं कुरकुरीत होऊन फुटतात. पान गालाला लावून बघा. गार लागलं तर ओल अजून आहे.

एक गोष्ट कडक. भीमगड अभयारण्यातून पानसुद्धा आणायचं नाही, १९७२च्या वन्यजीव कायद्यानं तिथं मनाई आहे. तिथं फक्त चित्र काढा. बाहेर स्वतःच्या बांधावर किंवा रस्त्याकडेलाही दहा रोपं दिसली तरच एक घ्या.

चिठ्ठी

चिठ्ठीशिवाय वाळलेलं झाड म्हणजे पालापाचोळा. माझ्याकडं पहिल्या वर्षाचे सात नमुने आहेत. तारीख घातली होती, जागा घातली नव्हती. आता ते कुठल्या बांधावरचे, मला स्वतःलाही सांगता येत नाही.

म्हणून दाबतानाच लिहा: गाव, तालुका, शेत की माळ की ओढा, तारीख, झाडाची उंची, फुलाचा रंग, वास, गोळा करणाऱ्याचं नाव, क्रमांक. रंग विसरू नका, तो जाणारच आहे. आणि नाव दोन्ही भाषांत विचारा. टाकळ्याला कन्नडमध्ये तगचे, जांभळाला नेरळे. शेजारच्या शेतातल्या आजींना कानडीतलं नाव विचारलं की त्या झाडाची भाजी कशी करायची तेही सांगतात. तेही लिहा.

जुनी पानं

थिओडोर कुक हे पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य. मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात निघाला. बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीच्या संकेतस्थळावर तो फुकट वाचता येतो. इंग्रजी जड आहे, पण वर्णनाच्या शेवटी झाड कुठं सापडलं ते दिलेलं असतं. तिथं पुन्हा पुन्हा 'एस. एम. कंट्री: बेळगाव, रिची!' अशा नोंदी भेटतात. एस. एम. म्हणजे सदर्न मराठा, आपल्या भागाचं त्या काळचं सरकारी नाव. रिची हे इथं झाडं गोळा करणारे गृहस्थ. त्यापुढचं उद्गारचिन्ह म्हणजे तो नमुना कुकनी स्वतः डोळ्यांनी पाहिला आहे. एवढंसं चिन्ह, पण ते कळल्या दिवशी मी दुकान तासभर उशिरा उघडलं.

'हॉर्टस मलबारिकस'ही उघडून बघा. १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापलेले बारा खंड, मलबारच्या झाडांचे. पहिल्या खंडात रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट या कोकणी वैद्यांचं १६७५चं प्रमाणपत्र आहे, नागरी लिपीत. लॅटिन पानं उलटता उलटता अचानक आपली अक्षरं समोर येतात.

खरे जुने नमुने बघायचे तर मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजचं ब्लॅटर हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या झाडांचा संग्रह आहे, पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं आहे. आधी पत्र पाठवून विचारा आणि शीटला, म्हणजे नमुना चिकटवलेल्या कागदाला, हात लावू नका. जुन्या काळी किडीसाठी पाऱ्याचं विष लावत असत.

चिकटवणं

जाड पांढरा कागद, ४२ बाय २८ सेंटीमीटर. खोड पांढऱ्या दोऱ्यानं टाका घालून बांधा, पानांना कागदाच्या अरुंद पट्ट्या. सेलोटेप अजिबात नको, दुकानात रोज बघतो, तो पिवळा पडून सुटतो आणि कागदावर डाग ठेवतो. गळालेल्या बिया आणि पाकळ्यांसाठी कागदाची पुडी करून वर एका बाजूला चिकटवा. चिठ्ठी खाली उजव्या कोपऱ्यात. फ्रेम करू नका, हे फ्रेमवालाच सांगतोय. भिंतीवरचा उजेड उरलासुरला रंगही खातो. बंद पेटीत, कोरड्या जागी, आडवं ठेवा, आणि पावसाळा सरला की एकदा उघडून कीड बघा.

चिठ्ठीवरचं नाव चुकलेलं निघालं तर ते खोडायचं नाही. खाली नवी चिठ्ठी चिकटवायची, नाव कुणी दुरुस्त केलं आणि कधी, ते लिहून. माझ्या क्रमांक ११च्या शीटवर अशा दोन चिठ्ठ्या आहेत. दुसरी मावशीच्या सांगण्यावरून लावली, आणि तिच्यावर तिनं स्वतः सही केली आहे.