पालकांसाठीचे अ‍ॅप: एका वेळी एकच सवय

मुलांच्या वागण्याविषयीचे अ‍ॅप घेतल्यावर त्यातील सगळे धडे एका रात्रीत संपवू नयेत. 'मला हे जमते' हा विश्वास ऐकण्यापेक्षा स्वतः करून पाहिल्याने अधिक पक्का होतो, असे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडले होते. म्हणून रोज एक लहानसे काम सोपवून दुसऱ्या दिवशी त्याची विचारपूस करणारे अ‍ॅप निवडावे. संपर्क यादी किंवा ठिकाण मागणारे अ‍ॅप मात्र सरळ काढून टाकावे.

सुरुवात एकाच वागण्यापासून करावी. समजा, जळगाव जिल्ह्यातील रावेरकडच्या एखाद्या घरी वडील केळीच्या बागेतून परतले आहेत, आई दादर ज्वारीच्या भाकरी थापते आहे आणि चार वर्षांचा मुलगा मोबाइल हातात दिल्याशिवाय घास घेत नाही. आठवडाभर काहीही न बदलता, असे किती वेळा घडले याच्या खुणा भिंतीवरच्या कॅलेंडरवर कराव्यात. त्यानंतर 'नीट वाग' असे मोघम न सांगता, "भाऊ, मांडी घाल आणि आधी एवढी भाकरी संपव," असे सांगावे आणि त्याने ते केले की नेमके काय आवडले ते लगेच बोलून दाखवावे. दिवसातून दहा मिनिटे त्याच्या आवडीचा खेळ त्याच्याबरोबर खेळावा. माझ्या मते शिस्तीच्या सगळ्या धड्यांपेक्षा हाच धडा अधिक मोलाचा आहे.

मोबाइल बंद केल्यावर पहिले काही दिवस रडणे वाढते आणि बहुतेक पालक नेमके तिथेच हरतात. तिसऱ्या दिवशी आजीने कळवळून फोन हातात दिला, तर मूल एवढेच शिकते की जास्त वेळ रडावे लागते. त्यामुळे आजीशी आधीच बोलून ठेवावे, तेही तिच्या घरच्या बोलीत, कारण अ‍ॅपमधील पुस्तकी मराठी तिला परकी वाटू शकते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास स्क्रीन सुचवला आहे, हेही तिला सांगावे.

महिन्याभराने खुणा मोजाव्यात. त्या कमी झाल्या असतील तरच दुसरे वागणे हाती घ्यावे. मूल स्वतःला किंवा इतरांना इजा करत असेल, अथवा पालकांचाच हात वारंवार उठत असेल, तर अ‍ॅपवर विसंबून न राहता टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे.